सयाजीरावांनी ठोकलेला नंबर

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको तीस वर्षं सांगत आलीय. मी कधी मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला लावलं ते गडमुडशिंगीच्या आक्काताईंनी.

मी जयसिंग. गाड्यांचा सर्व्हेअर. विमा कंपनीला, बँकेला, कोर्टाला एखाद्या गाडीची आजची किंमत लागली की मला बोलावतात. मी जातो, गाडी बघतो, रिपोर्ट लिहितो. एकोणतीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपतोय. गुडघे गेले, कंबर गेली. आता कुणी 'सायेब, जरा खालनं बी बगा की' म्हटलं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, लग्नाच्या वरातीचे सजवलेले टेम्पो, सगळं बघून झालं. पण गाडीत केलेलं घर मी पहिल्यांदा बघितलं ते आक्काताईंच्या दारात.

आक्काताई सत्तरीला टेकलेल्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. दारात दोन म्हशी. नवरा सयाजीराव छत्तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होता. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना लागतो, तो करणारा माणूस. तिथं केसाएवढं चुकलं तर पुढचे हजार नग भंगारात, असलं काम. रिटायर झाला आणि या बाबाला वेड लागलं. २०१९च्या महापुरात शिरोळच्या एका शाळेची मिनीबस आठ दिवस पाण्यात होती. ती त्यानं कवडीमोलानं घेतली, रीतसर आपल्या नावावर केली, आणि चार वर्षं दारात लावून तिचं फिरतं घर केलं. आत घडीचा पलंग, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी. कपाटाचे खण असे बसवलेले, की गाडी कितीही हलली तरी खुट्ट वाजायचं नाही. आरटीओकडनं बदलाची नोंद सुद्धा करून घेतली. आणि पहिल्या फेरीला निघायच्या आधीच, गेल्या वर्षी माघात, सकाळी चहा पिताना गेला.

गाडी आता आक्काताईंच्या नावावर करायची होती. विमा संपलेला. कंपनी म्हणाली, असल्या गाडीची किंमत आम्हाला कळत नाही, सर्व्हेअरचा रिपोर्ट आणा. म्हणून मी गेलो.

मे महिन्याचं ऊन. घर असलेली गाडी बघायला शहरातनं साहेब आलाय म्हटल्यावर सगळी गल्ली गोळा झाली. बायका, म्हातारी माणसं, आक्काताईंचा धाकटा दीर केरबा, सगळे. आतलं काम बघून मी खरोखर गार झालो. मग नेहमीप्रमाणं चेसिस नंबर घ्यायला खाली शिरलो. हा नंबर गाडी बनवणाऱ्या कंपनीनं सांगाड्यावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरायचा आणि वरनं पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. उमटले. आणि माझं डोकं फिरलं.

आकडे कागदपत्रांशी जुळत होते, तक्रार ती नव्हती. तक्रार ही, की ते फार चांगले होते. कंपनीचा कामगार दिवसात शंभर गाड्यांना नंबर ठोकतो. एखादा आकडा खोल जातो, एखादा तिरका. इथं सतरा अक्षरं सुतात, एका खोलीची, मोजून घेतलेल्या अंतरावर. असला नंबर कुठल्याही कारखान्यातनं बाहेर पडत नाही. चोरीच्या गाडीचा नंबर घासून दुसरा ठोकतात, ते मी दहा वेळा पकडलंय. उकाड्यानं जीव जात होता, डोळ्यांत गंज पडला होता. मी खालनंच ओरडलो, "आयला, ह्यो नंबर ठोकलेला हाय! गाडी चोरीची हाय ही!"

मी बाहेर आलो. आक्काताई खांबाला धरून उभ्या होत्या. केरबा खाली मान घालून घराकडं निघाला होता. मी रिपोर्ट राखून ठेवला, चहाही घेतला नाही, मोटारसायकलला किक मारली आणि आलो.

आठ दिवसांनी बाई माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात हजर. एसटीनं, एकट्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"दूध घालायला संस्थेत जाती मी," त्या म्हणाल्या, "तर बाया बोलायच्या थांबत्यात. काल एक म्हनली, आक्का, आनी काय काय आनलंतं वं मालकांनी? छत्तीस वर्सं त्या मानसानं कारखान्यातला एक खिळा घरी आनला न्हाय. तुमी बोललासा, आता तुमीच निस्तरा."

मी भडकलो. चूक मान्य करायची सवय नव्हती ना! "मी काय खोटं बोललो? नंबर नवा ठोकलाय का न्हाय?"

"ठोकलाय की! त्येंनीच ठोकलाय. म्या बॅटरी धरलीती."

त्यांनी पिशवीतनं एक लाकडी डबी काढली. आत लोखंडावर ठोकायचे आकड्या-अक्षरांचे पंच, तेल लावून ओळीनं ठेवलेले. आठ दिवस पुराच्या पाण्यात राहून मूळ नंबर गंजानं खाल्ला होता. धड वाचता येईना. सयाजीरावांना ते बघवेना. त्यांनी गंज घासला, जागा गुळगुळीत केली आणि तोच नंबर, कागदावरनं बघून, करंगळीभर बाजूला सरकून, नव्यानं ठोकला.

"सातव्या आकड्याला हात हालला," आक्काताई म्हणाल्या, "तर समदं परत घासलं आन् पयल्यापासनं केलं. दोन दिस लागलं. चोर कवा येवडा जीव लावतोय व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे बाबा, नंबर वाचता येत नव्हता तर आरटीओत अर्ज करायचा, ते ठोकून देतात! स्वतः ठोकणं हा गुन्हा आहे हे त्या सरळ माणसाच्या गावीही नव्हतं. खराब दिसलं की नीट करायचं, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत. जरा गबाळं काम केलं असतं तर माझ्यासुद्धा लक्षात आलं नसतं.

"ह्यो मानूस चोर न्हवता असं सरकारी कागदावर पायजे," त्या म्हणाल्या. "गाडी चालू दे, न्हाय चालू दे."

तिथनं आमचे हेलपाटे सुरू झाले. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी माझी गत. पोलिसांकडं अर्ज, आरटीओकडं अर्ज, मग म्हणे मूळ शाळेचं पत्र आणा, मग म्हणे पत्रावर शिक्का नाही. माझे पैसे देणारं कुणी नव्हतं आणि मागायचं मला तोंड नव्हतं. बाई प्रत्येक ठिकाणी सोबत. म्हशींची धार काढून पहिल्या एसटीनं यायच्या, बाकावर बसायच्या, सोबत आणलेली भाकरी अर्धी मला द्यायच्या. मी चिडून कारकुनाच्या अंगावर गेलो की मागनं म्हणायच्या, "सायेब, दमानं. एकदा बोलून बगितलासा न्हवं?" मग काय, बसायचो गप.

शेवटी दिवाळी झाल्यावर फॉरेन्सिक लॅबचा माणूस गाडी तपासायला दारात आला. पण एक अडचण होती आणि ती मलाच सांगावी लागली. ठोकलेला आकडा जसा वर दिसतो, तसा त्याचा दाब आतल्या लोखंडातही राहतो. जागा घासून आम्ल लावलं की पुसलेला मूळ नंबर थोडा वेळ वर येतो. पण सयाजीरावांची अक्षरं काठानं जुन्यांवर चढली होती; त्यासाठी त्यांनी ठोकलेला नंबर आधी घासून काढायला लागणार होता.

आक्काताई गाडीकडं वळल्या. मग म्हणाल्या, "दुसरा इलाज न्हाय?"

"न्हाय."

त्या उठल्या, पोतं अंथरलं आणि त्या वयात गाडीखाली शिरल्या. मी आडवा पडून बॅटरी धरली. त्यांनी सतरा अक्षरांवरनं बोट फिरवलं, एकेक करून, घाई न करता. माझा हात भरून आला पण मी हललो नाही. बाहेर आल्यावर केसातला गंज झटकला आणि लॅबच्या माणसाला म्हणाल्या, "चालवा मशीन." आणि आत जाऊन म्हशींना वैरण घालायला लागल्या. ग्राइंडरचा आवाज थांबेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

नंबर वर आला. पुसट, वाकडातिकडा, कंपनीचा अस्सल. कागदावरचाच. माझे डोळे भरले, लपवायचं काय त्यात. दीड महिन्यानं अहवाल हातात आला: गाडी मूळचीच, चोरीची नाही. आरटीओनं तोच नंबर परत ठोकला, तोही तिरका. आक्काताईंनी वाकून बघितला आणि म्हणाल्या, "ह्येंनी असतं तर शिव्या घातल्या असत्या." मी माझा रिपोर्ट लिहिला, किंमत घातली, झालं एकदाचं म्हणून द्यायला गेलो.

त्यांनी तो घेतला नाही.

"मला कशाला देतासा? मला म्हायतीच हाय. घरोघरी जाऊन दावा."

"अवो आक्काताई, गल्लीत बेचाळीस घरं हाईत!"

"तवा बेचाळीस घरांना ऐकू गेलतं की."

निघालो. दुखरे गुडघे घेऊन, दुपारच्या उन्हात, कागद हातात. पुढं मी, मागं आक्काताई डोक्यावर पदर घेऊन. प्रत्येक दारात तेच: "मी जयसिंग, सर्व्हेअर. मे महिन्यात मी सयाजीरावांच्या गाडीला चोरीची म्हणालो. माझं चुकलं. हा सरकारी कागद." चोर म्हटलं तेव्हा धावत आलेली माणसं आता दार अर्धं उघडून ऐकत होती. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी टीव्हीचा आवाजही कमी केला नाही. एक म्हातारी तेवढी रडली. विसाव्या घरापाशी पायरी चढवेना, तर आक्काताईंनी कुठनंतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. थांबू या मात्र म्हणाल्या नाहीत.

शेवटचं घर केरबाचं. सख्ख्या दिराचं. तो सोप्यावर बसला होता. मी माझं पाठ झालेलं बोलणं म्हटलं आणि कागद पुढं धरला. त्यानं तो हातात सुद्धा घेतला नाही.

"कागद कशाला दावतासा पावणं," केरबा म्हणाला, "माजा दादा चोर न्हाय, हे मला पयल्यापासनं म्हायती हाय."

आक्काताई माझ्या मागनं पुढं आल्या. दुपारपासनं बेचाळीस दारांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मग आठ म्हयनं गप का बसलासा, भावजी?"

केरबानं तेव्हासारखीच मान खाली घातली. आक्काताई तिथंच उभ्या राहिल्या, उत्तराची वाट बघत. मी कागदाची घडी घातली, पण खिशात ठेवायला हात होईना. मी ओरडलो तेव्हा हा माणूस माझ्यापासून चार पावलांवर होता, हे मला आठवत होतं.