दडवलेली गाठ
परवा रोह्याच्या बाजारात चपला शिवणाऱ्याकडे चामड्याला चोळायच्या करंजेलाचा वास आला आणि कासू गावचं आमचं अंगण आठवलं. माझे सासरे शर्यतीच्या बैलगाड्यांसाठी चामड्याचे चाबूक विणायचे. त्यांची एक रीत होती. नव्या चाबकाचा पहिला फटका गिऱ्हाइकानं त्यांच्याच उघड्या पोटरीवर मारायचा. आवाज मोठा यावा पण कातडी फुटू नये, तरच ते चाबूक हातातून सोडायचे. एका वर्षी तापानं त्यांचे हात थरथरत होते, म्हणून टोकाची वीतभर वेणी त्यांनी मला घालायला दिली. चामड्याच्या भिजवलेल्या पट्ट्यांतली एक वादी ताणताना माझ्या हातून तुटली. मी तिला गाठ मारली, ती वेणीच्या आत दडवली, वर करंजेल चोळलं आणि चाबूक खुंटीला टांगला. दोन दिवसांनी पेणचा गाडीवान चाबूक न्यायला आला, तोवर चामडं वाळून ती गाठ खड्यासारखी टणक झाली होती. सासऱ्यांनी धोतर वर खोचून पाय पुढे केला. “मार. हात राखू नको.” मी दारात उभी होते. थांबा म्हणायचं होतं, पण परक्या माणसासमोर सुनेनं बोलायचं नसे. फटका बसला आणि रक्ताचा ओघळ टाचेपर्यंत आला. सासरे त्याला म्हणाले, “माझा हात चुकला. परवा ये.” तो गेल्यावर त्यांनी चाबूक माझ्यापुढे ठेवला. “गाठ कुठं हाय ते तुला ठाव हाय गो. सोड, नि परत वीण.” गाडीवान पुन्हा आला, तेव्हा त्यांनी दुसरा पाय पुढे केला. या वेळी नुसता आवाज आला. चपला शिवून हातात मिळाल्या, तरी मी कितीतरी वेळ पट्ट्यावरून अंगठा फिरवत गाठ शोधत उभी होते.