रांगेतल्या काजूबिया

आमच्या वाडीच्या शाळेत गणिताच्या तासाला पाटी निघत नसे, काजूच्या बिया निघत. हा सगळा उद्योग दीपाली मांडवकर बाईंचा. बाई लांज्याहून एसटीने यायच्या, चढण चढून घामाघूम व्हायच्या आणि आल्या आल्या पिशवीतून वाळलेल्या बिया काढून अंगणात रांग मांडायच्या.

खेळ आमचाच, वाडीतल्या प्रत्येकाने लहानपणी खेळलेला. बिया रांगेत उभ्या करायच्या, लांबून एक जाडजूड बी नेम धरून मारायची, पडतील त्या आपल्या. बाईंनी फक्त एक अट घातली. पडलेल्या बियांना हात लावण्याआधी, उभ्या किती उरल्या ते बोटांवर न मोजता सांगायचं. चुकलं की सगळ्या परत रांगेत. हातची बी जाते म्हटल्यावर पोरं कसली चुकतात! वजाबाकी म्हटलं की रडणारी संस्कृती नावाची पोर दिवाळीपर्यंत तोंडी उत्तरं द्यायला लागली.

पण पोरं उरली होती मोजकीच. बाकीची लांज्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जात. पट आणखी घसरला की शाळेला कुलूप लागणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यात वर्गातल्या ऋत्विकची आजी हौसा रोज कमरेवर हात ठेवून पायरीवर उभी.

"बाय, खेळायला काय घरात जागा नाय? शाळंत शिकव कायतरी."

"शिकतोच आहे तो, आजी," बाई हसून म्हणायच्या. हौसाला ते पटत नसे. पोर रडत रडत शिकलं तरच शिकलं, अशी आमच्याकडे समजूत आहे.

शिमग्याला मुंबईकर गावी आले. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती, सगळी वाडी दर्शनाला जमली होती. बाईंनी तिथेच बाजूला रांग मांडली आणि म्हणाल्या, "या, माझ्या पोरांशी खेळा. अट माझी." मोठे बाप्ये हसत पुढे आले. नेम झकास, पण हिशेबात एकेक गडी आडवा. संस्कृतीच्या बापाने, सागरने, बिया पाडल्या आणि हळूच बोटं काढली. तोवर लेकीने उत्तर सांगून टाकलं. ढोलवाल्यांनी ढोल बडवला, सागरने पोरीला खांद्यावर घेतलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, शाळा वाचली. मलाही वाटलं.

सागर बाईंच्या पाया पडला. "मॅडम, उपकार झाले तुमचे. एवढी हुशार पोर हितं ठेवून वाया कशाला घालवायची? मुंबईला नेतो, इंग्लिश मीडियमला घालतो."

एकाने नेली म्हटल्यावर बाकीच्यांना कुठला धीर? ज्याचं पोर जास्त जिंकलं, त्याने ते आधी हलवलं. अशी आमची अक्कल. मला आजही राग येतो, पण काढायचा कुणावर? जो तो आपल्या पोराचं भलंच करत होता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एकटा ऋत्विक आला. बाईंनी त्याच्यासाठी रांग मांडली आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. त्या मुद्दाम नेम चुकवत, आणि ते ऋत्विकला कळे. तो जिंकायचा, उत्तरही बरोबर द्यायचा, पण पूर्वीसारखा ओरडायचा नाही.

एका सकाळी हौसा आली. पायरीवर न थांबता आत येऊन बाकावर टेकली.

"बाय, रागावू नको. ह्याला पन लांज्याला घालताव."

"का आजी? माझ्या शिकवण्यात काही कमी पडलं का?"

"छे गो. आकडं तर बापापेक्षा बेस सांगतो. पन एकटा पोर तो. खेळंल कुणासंगं?"

बाईंनी रांगेतल्या बिया उचलून पिशवीत भरल्या आणि ऋत्विकचा दाखला लिहायला बसल्या.