चॅम्पियनचा भाऊ

काल आंघोळ करताना उजवा हात मागे नेला, तर खांदा कटकन वाजला... आणि एकदम घाटकोपरचं ते मैदान डोळ्यांपुढे आलं. वय नव्वदीपार आहे, फोनवर बोलून टाइप करतोय. चुका सांभाळून घ्या.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही दोघे भाऊ, मी आणि धाकटा सुऱ्या. एकाच तालमीच्या लाल मातीत वाढलो... आणि खरं सांगतो, तेव्हा भारी मीच होतो.

मग वडील गेले. थोरला म्हणून मी विक्रोळीच्या कारखान्यात लागलो, माझी तालीम सुटली. सुऱ्याची सुटली नाही.

त्याला फ्रीस्टाइलवाल्यांनी उचललं. त्या कुस्तीत नुसती पाठ टेकवून भागत नाही. समोरच्याने स्वतः हार मानून मॅटवर हात आपटला पाहिजे. सुऱ्या दंड असा काही अडकवायचा की भलेभले हात आपटायचे. बघता बघता चॅम्पियन झाला... स्टेशनबाहेर त्याचं पोस्टर, छाती फुगवून!

लोक मला विचारायचे, "तू सुऱ्याचा भाऊ ना?" माझं नाव कोणाला नकोच होतं. घरी आई दुधाचा पेला आधी त्याच्यापुढे ठेवायची. पोस्टर दिसू नये म्हणून मी पलीकडच्या बाजूने चालायचो. जळत होतो हो... नुसता जळत होतो.

एकदा त्याचा खेळ आमच्या घाटकोपरलाच लागला. शेवटी भोंग्यावरून पुकारा झाला, चॅम्पियनपुढे पाच मिनिटं टिकेल त्याने वर यावं. मी शर्ट काढला आणि दोरांतून आत शिरलो.

सुऱ्याचा चेहरा उतरला. "दादा, खाली जा ना. काय करतोयस?"

"खेळ," म्हटलं.

सुरुवातीला मी त्याला बरा झुंजवला. पब्लिक माझ्या बाजूने ओरडायला लागली... आणि तेवढ्यात त्याने माझा हात अडकवला. खांद्यात आग पेटली.

तो कानाशी कुजबुजला, "दादा, हात आपट. मोडेल रे."

नाही आपटला. मोडला तर उद्या मशीनवर कोण उभं राहणार, घरात काय शिजणार, काही डोक्यात येईना. फक्त एवढंच, की याच्यापुढे नाही!

"दादा, आपट ना रे..." त्याचा आवाज रडवेला झाला होता. आणि मग त्याने हात सोडला. स्वतःहून सोडला, आणि घंटा होईपर्यंत माझ्यासोबत नुसती झटापट करत राहिला.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. त्याच्यावर शिट्ट्या आणि शिव्या. पुढे कितीतरी दिवस कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीने त्याला मोठी कुस्ती दिली नाही.

घरी आई माझ्या खांद्याला तेल चोळत होती. "कोण जिंकलो रे?" तिने आमच्या घरच्या मालवणीत विचारलं.

सुऱ्या भाकरी मोडत म्हणाला, "दादा टिकलो गे आये. माका नाय जमला."

पुढे तो पुन्हा चॅम्पियन झाला. आता तो नाही. त्या किताबाचा जळफळाट कधीच विझला... पण भर मैदानात, सगळ्यांदेखत, असं सोडून देणं त्याला जमलं. मला नसतं जमलं.

त्या सोडून देण्याचा हेवा अजून वाटतो रे सुऱ्या.