तव्यावरचं तेल

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनवर पाणी मारत नाहीत. आदल्या दिवशी मशीन बंद करतात, पूर्ण थंड होऊ देतात आणि मग कोरड्या फडक्याने पुसून पूजा करतात. नवीन लागलेल्या माणसाला वाटतं, डोंबिवलीत पाण्याची बोंब आहे म्हणून असेल. तसं नाही. त्यामागे माझ्या मेव्हण्याची तीन बोटं आहेत आणि एका म्हाताऱ्याचा फुटलेला ओठ आहे. दोन्हींचं कारण मी.

माझा हात तोंडाआधी उठतो. हे मी बरीच वर्षं अभिमानाने सांगायचो. खोपटच्या डेपोसमोर एका रिक्षावाल्याने भाडं नाकारलं, तर मी त्याच्या रिक्षाचा आरसा उपटून त्याच्याच हातात दिला होता. लहानपणी बापाने मला पट्ट्याने मारून सरळ केलं, असं आमच्या घरात सगळे मानायचे, मीसुद्धा. मारलं की सरळ होतं, हा समज फिटरच्या कामाने आणखी पक्का केला. अडकलेली पिन हातोडीने निघते. नाही निघाली तर मोठ्या हातोडीने निघते.

एमआयडीसीतल्या या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. माझ्याकडे सगळ्यात मोठी हायड्रॉलिक प्रेस होती. खाली पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून घण उतरतो आणि पत्र्याचा वाडगा होतो. ही सगळी ताकद तेलाची. टाकीतलं तेल व्हॉल्व्हमधून जातं. व्हॉल्व्हच्या आत बोटाएवढी एक दांडी मागेपुढे सरकते, तिच्या सरकण्यावर घण खाली येतो किंवा वर जातो. दांडी आणि तिचं भोक यांच्यात केस जाईल इतकीही जागा नसते. तेलात पाणी शिरलं तर दांडीला गंज धरतो आणि ती मध्येच अडकते. मग घण कोणाचं ऐकत नाही. हे मला पाठ होतं.

त्या प्रेसवर माझा मेव्हणा बसायचा, बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला चिकटवला होता. तिशीतला, लग्न झालेला, विठ्ठलवाडीला आमच्याच चाळीत दोन दारं सोडून राहायचा. दिवसभरात तो त्या घणाखाली किती वेळा हात घालायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. वाडगा काढायला चिमटा दिलेला होता. चिमट्याने वेळ लागतो, म्हणून सगळेच हाताने काढायचे.

तेलाचा कारभार स्टोअरकीपरकडे. साठी उलटलेला, ठाण्याच्या जुन्या गावठाणातला ख्रिश्चन माणूस. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. त्यांचे बापजादे मिठागरात राबलेले, त्यामुळे ओल या गोष्टीशी त्यांचं पिढीजात वैर होतं. ड्रम आडवे ठेवायचे, तोंडाला हात लावून बघायचे. नवा ड्रम उघडला की चहाच्या शेगडीवर छोटा लोखंडी तवा तापवायचे आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचे. तेल चांगलं असेल तर नुसता धूर निघतो. पाणी असेल तर तडतडतं. मी दारातून ओरडायचो, "अंकल, दोन भाकऱ्या आमच्यासाठीपण टाका." ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. मला त्याचाच राग यायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला ऑर्डर अंगावर होती. प्रेस चार वाजेपर्यंत चालवली. बंद केली तेव्हा टाकीला हात लावता येत नव्हता. पूजा पाचला, मालक येणार, आणि माझं मशीन सगळ्यात चकचकीत दिसलं पाहिजे हा माझा हट्ट. मी पाण्याचा पाइप ओढला.

अंकल स्टोअरच्या दारात उभे होते. म्हणाले, "अरे, तापलेलं हाय ते. दोन तास थांब. तेल थंड होताना टाकी नाकातून हवा ओढते. तू पाणी मारलंस तर पाणी ओढील."

टाकीच्या डोक्यावर हवेसाठी एक टोपी असते, तिलाच आम्ही नाक म्हणतो. तिच्यावर प्लास्टिकची एक पिशवी बांधली असती तरी भागलं असतं. मी म्हणालो, "अंकल, ही आमची पूजा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका."

'आमची' या शब्दावर मी जोर दिला होता. तो त्यांना बरोबर लागला. ते आत निघून गेले. मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, ते बरोबर बोलतायत बहुतेक."

"तू जा, फुलं आण," मी म्हणालो, आणि तापलेल्या टाकीवर धार सोडली. वाफ उठली. मला ते फार छान वाटलं.

मग पूजा. कुंकवाचं स्वस्तिक मी टाकीच्या काचेवर काढलं. आतलं तेल दिसावं म्हणून टाकीला पंजाएवढी काच असते. बाकी सगळीकडे रंग उडालेला, काच तेवढी गुळगुळीत, म्हणून तिथे काढलं. रोज सकाळी त्या काचेतून तेल बघायचं हे माझं काम. दसरा झाला, दिवाळी झाली, मी बघितलं नाही. देवाचं कुंकू पुसायचं कसं? आणि पूजा झालेल्या मशीनला काय होणार आहे, असंही मनात होतंच. खरं सांगायचं तर आळसाला मी श्रद्धेचं नाव दिलं होतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला घण वर गेला, थांबला, मेव्हण्याने वाडगा काढायला उजवा हात आत घातला आणि बटणाला कोणीही हात लावलेला नसताना घण खाली आला.

आवाज मोठा झाला नाही. ओला पोळपाट जमिनीवर पडावा तेवढाच. पहिल्यांदा तो ओरडलाही नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग जो ओरडला तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. घण वर जाईना. मी हातोडी घेऊन व्हॉल्व्हवर घाव घालत सुटलो, एक, दोन, दहा. काही हललं नाही. शेवटी पान्याने पाइपचा नट सैल केला तेव्हा तेलाचा फवारा आमच्या दोघांच्या तोंडावर आला. पिवळं असायला हवं ते तेल ताकासारखं पांढरं होतं. दोन जॅक लावून घण उचलला. हात बाहेर आला. तीन बोटं आली नाहीत. फरशीवर त्या पांढऱ्यात लाल पसरत गेलं.

चौघांनी त्याला टेम्पोत घातलं आणि कल्याणला हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर गेलो नाही. मी स्टोअरमध्ये गेलो.

वापरातला एक ड्रम उभा होता. त्याच्यावरच्या ताडपत्रीच्या घडीत, गच्चीवरच्या टाकीतून ओघळलेलं थोडं पाणी साचलं होतं. मला तेवढं पुरलं. मी अंकलची कॉलर धरली आणि त्यांना रॅकवर आपटलं. पहिला ठोसा तोंडावर बसला, चष्मा उडाला. दुसरा ओठावर. नटबोल्टचे डबे धडाधड खाली आले. "पाणी घातलंस ना तेलात, थेरड्या!" मी ओरडत होतो. खाली पडल्यावर मी त्यांना लाथही मारली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी ठोसे बघितले, लाथ कोणी बघितली नाही.

लोकांनी मला ओढून बाहेर काढलं. तोवर मालक आला. अंकल उठले, रुमालाने तोंड दाबलं आणि शेगडी लावून तवा ठेवला. सगळे दारात गोळा झाले. तवा तापल्यावर त्यांनी ड्रममधल्या तेलाचा थेंब सोडला. धूर निघाला, आवाज नाही. मग माझ्या शर्टाच्या बाहीवरून निथळत असलेलं तेल बोटाने घेतलं आणि तव्यावर झटकलं. तव्यावर तडतड झाली, इतकी की पुढचे दोघे मागे सरकले.

"ड्रममध्ये नाही, तर मशीनमध्ये पाणी आलं कुठून?" मालकाने विचारलं.

अंकलनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी एक शब्द काढला असता तर माझी सुटका झाली असती, मी पुन्हा त्यांच्यावर धावून जाऊ शकलो असतो. ते गप्प राहिले. मालक म्हणाला, "तेल तुमच्याकडे, म्हणजे जबाबदारी तुमची. उद्यापासून येऊ नका." अंकलनी डबा घेतला, तुटका चष्मा खिशात घातला आणि गेले.

सगळे पांगल्यावर मी अंगठ्याने काचेवरचं स्वस्तिक पुसलं. मागे सगळं पांढरं होतं. कोणीही बघितलं असतं तरी कळलं असतं. पुसायला एक क्षण लागला.

तरीही मी तीन दिवस गप्प राहिलो. मी भित्रा आहे हे मला त्या तीन दिवसांत कळलं. हात उचलणारे बहुतेक भित्रेच असतात, पण ते स्वतःच्या बाबतीत कळायला वेळ लागतो. हॉस्पिटलात जायचो, बाहेरच्या बाकावर बसायचो आणि परत यायचो.

चौथ्या दिवशी सकाळी बायको भावासाठी पेज करत होती. ढवळता ढवळता अंकलना शिव्या घालत होती. "ज्याने माझ्या भावाचा हात खाल्ला त्याचे हात झडोत. किडे पडोत त्याला."

मी म्हणालो, "पाणी मी घातलंय."

आणि सगळं सांगितलं. तापलेली टाकी, पाइप, काच, तिच्या भावाने दिलेला इशारा. तिने पातेलं उचललं आणि फेकलं. माझ्या कानाजवळ ते भिंतीवर आपटलं, खांदा भाजला. मग ती खाली बसली, पातेल्याच्या बुडाला राहिलेली पेज डब्यात भरली आणि म्हणाली, "ही तुम्हीच न्या. आणि त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा."

मी डबा घेऊन निघालो, पण कल्याणला न उतरता आधी ठाण्याला गेलो. अंकलना तोंड दाखवणं त्यातल्या त्यात सोपं वाटलं. ते ओट्यावर बसले होते, ओठ काळानिळा. त्यांच्यासमोरच मालकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. मग त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मारा मला, अंकल. रस्त्यात, सगळ्यांसमोर मारा."

ते म्हणाले, "मला मारायचं असतं तर त्या दिवशीच बोललो असतो, बाला. ज्याचा हात गेला त्याच्याकडं जा. डबा गार होतोय."

कल्याणला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मेव्हणा उशीला टेकून बसला होता. उजव्या हाताचं मोठं पांढरं गाठोडं पोटावर, डाव्या हाताला सलाईन. मी उभ्यानेच सांगितलं.

मग त्याने विचारलं, "ताईला सांगितलंत?"

"हो."

"अंकलना?"

"आत्ता तिथूनच येतोय."

"म्हणजे मला शेवटी."

त्याने डावा हात उचलला आणि मला थोबाडीत मारली. सलाईनची नळी ताणली, स्टँड आडवा झाला, बाटली लोंबकळली, नर्स ओरडत धावली. पण आयुष्यभर त्याने सगळी कामं उजव्या हाताने केली होती. डाव्याचा नेम चुकला. फटका अर्धा गालावर आणि अर्धा खांद्यावर, भाजलं होतं तिथे बसला.

"नीट बसली नाही," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मी गाल पुढे करून थांबलो. त्याने पुन्हा हात उचलला नाही. नर्सने सुई नीट बसवली. मग मी डब्याचं झाकण काढलं, शेजारी बसलो आणि त्याला चमच्याने पेज भरवली. ती गार झाली होती.