मिस्त्रींचा चढ

नवा सायलेन्सर बसवून झाला, की मिस्त्री शर्टाच्या खिशातून कापसाचे दोन बोळे काढायचे आणि गाडीच्या मालकापुढे हात करायचे. “हे कानात घाला. आता चालवा, अन् मंग सांगा गाडी जास्त पयते का नाई.”

मालक हसायचा. मिस्त्री हसायचे नाहीत. बोळे घेतल्याशिवाय ते किल्ली द्यायचे नाहीत.

अमरावतीत माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे, आणि शेजारच्या गाळ्यात मिस्त्रींचं गॅरेज होतं. सीट कव्हर, लाइट, हॉर्न हा माझा रोजचा माल. खरी कमाई मात्र जाड तोंडाच्या सायलेन्सरवर आणि उघड्या एअर फिल्टरवर. मी ते विकायचो, मिस्त्री बसवायचे. “जोर किती वाढेल?” असं गिऱ्हाइकानं विचारलं, की मी छातीठोकपणे म्हणायचो, “पंधरा-वीस हॉर्सपॉवर कुठे गेले नाहीत!” आणि शेजारून पान्याच्या खडखडाटात आवाज यायचा, “आधी मोजू, मंग बोलू.”

मोजायची त्यांची एक रीत होती. शहराबाहेर बायपासवर एक लांब चढ आहे. सकाळी हवा थंड असताना गाडी तिथे न्यायची. डिकीत सरकीचं एक पोतं, शेजारच्या सीटवर स्वतः मिस्त्री, हातात शाळेच्या शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ. तिसरा गिअर, वेग चाळीसपासून ऐंशीपर्यंत जायला किती सेकंद. तीनदा. सायलेन्सर बसवायच्या आधी तीनदा आणि नंतर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पुन्हा तीनदा. आलेले आकडे ते गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचे. भिंतभर ‘वाढला नाही’ लिहिलेलं होतं. एके ठिकाणी, एका टर्बो डिझेल गाडीपुढे, ‘वाढला’ असं ठळक होतं. त्या गाडीच्या मालकानं पाइपबरोबर इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंगही बदलून घेतलं होतं. त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला. आपलं म्हणणं खोटं ठरल्याबद्दल पार्टी देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

“कावून वाढत नाई?” कोणी विचारलं तर ते बॉनेट उघडायचे. “इंजिनाले थंडी हवा पायजे. कंपनीनं डब्बा लावून बाहेरची हवा आत आनली. तुमी तो डब्बा फेकला, अन् हे उघडं फिल्टर लावलं. आता ते बॉनेटखालची भट्टी पिऊन राह्यलं. वऱ्हाडातला मे महिना, सायेब! मानसाचा जोर वाढत नाई, गाडीचा काय वाढन?”

मला राग यायचा. पण त्यांच्यासारखं फिटिंग अख्ख्या शहरात कोणाचं नव्हतं, म्हणून गप्प बसायचो.

मग सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं लोक मोबाइलवर मागवायला लागले आणि माझ्या दुकानात माशा मारायची वेळ आली. अशात एका कंपनीचा माणूस आला. सायलेन्सर आणि फिल्टरचं किट, जिल्ह्याची एजन्सी मला. अट एकच: दुकानासमोर मंडप टाकून, लोकांदेखत किट बसवून दाखवायचं. सही त्याच दुपारी. माझं दुकान राहणार की जाणार, हे त्या सहीवर होतं.

आदल्या दिवशी मी मिस्त्रींपुढे हात जोडले. “उद्याचा एक दिवस काही बोलू नका.”

त्यांनी फडक्याला हात पुसले. “चूप राह्यतो, शेठ. तुमच्या पोटाचा सवाल हाय. पन मले कोनी इचारलं, त खोटं नाई बोलनार.”

मला वाटलं, कोण विचारणार आहे?

माझ्याच गाडीला किट बसवायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे त्या सकाळी ती चढावर नेऊन मोजून आणली. किट बसलं. कंपनीच्या माणसानं ॲक्सिलरेटर दाबला आणि सगळा रस्ता दणाणला. टाळ्या पडल्या. “पूरे बीस हॉर्सपॉवर!” तो माइकवर ओरडला.

गर्दीतून एक बाई पुढे आली. अंजनगाव सुर्जीकडची, शेवंती-झेंडूची शेती करणारी. फुलांची व्हॅन स्वतः चालवत रोज पहाटे अमरावतीच्या बाजारात यायची. माइककडे तिनं पाहिलंही नाही. सरळ मिस्त्रींपाशी गेली.

“दादा, माही गाडी भरली का चढावर मरते. बाजारात पोचतो तवा भाव पडला असते. हे लावलं त जोर वाढन का?”

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर माफी मागणारी होती, हे मला फार उशिरा कळलं.

“नाई वाढनार, माय,” ते म्हणाले.

मंडपात कालवा झाला. कंपनीचा माणूस लालबुंद. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “चाला ना चढावर. आधी मोजू.” त्यांनी बोळे काढून त्याच्यापुढे धरले. लोकांना तमाशा हवाच होता. दहा-बारा गाड्या चढापर्यंत मागून गेल्या. कंपनीचाच माणूस चालवत होता, मिस्त्री शेजारी, आणि घड्याळ एका शिक्षकाच्या हातात. तीनदा मोजलं. सकाळपेक्षा अर्धा सेकंद जास्तच लागला.

“दुपारची हवा गरम हाय,” मिस्त्री स्वतःहून म्हणाले, “तेवढं सोडून देऊ. तरी बी वाढला नाई.”

कंपनीच्या माणसानं बोळे रस्त्यावर फेकले आणि माझ्याकडे वळला. “आपका क्या कहना है?”

आणि मी म्हणालो, “घड्याळ जुनं आहे त्यांचं. चुकतं.”

ते चुकत नाही, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींनी शिक्षकाकडून घड्याळ घेतलं, खिशात घातलं आणि त्या बाईच्या व्हॅनमध्ये जाऊन बसले. त्यांनी आधी व्हॅन चढावर मोजली, मग संध्याकाळपर्यंत ती खोलून पाहिली. मागचे ब्रेक चिकटत होते आणि फिल्टर धुळीनं पार बुजलेला होता. ब्रेक मोकळे करून, गाडीच्या कंपनीचा साधा कागदी फिल्टर बसवून आणि चढावर पुन्हा मोजून त्यांनी ती परत केली. भिंतीवर दुसऱ्यांदा ‘वाढला’ लिहिलं गेलं.

एजन्सी मला मिळाली नाहीच. ती पुढच्या चौकातल्या दुकानाला गेली. म्हणजे खोटं बोलून बोललो, तेही फुकट. मोठ्या आवाजाच्या गाड्यांची शौकीन अशा कार-क्लबवाल्या पोरांनी मिस्त्रींच्या गॅरेजवर बहिष्कार घातला. चार महिने आम्ही शेजारी राहून एकमेकांशी बोललो नाही. मी हट्टानं ती किट लावलेली गाडी चालवत राहिलो. आवाज असा, की वाटायचं, उडतेय.

एका सकाळी मला राहवलं नाही. बायकोच्या फुलवातींच्या डब्यातला कापूस कानात घातला, पोतं डिकीत टाकलं, आणि मुलीला शेजारी बसवून तिच्या मोबाइलवर वेळ मोजली. तीनदा चढ चढलो. कान बंद असताना गाडी पहिल्यासारखीच होती, अगदी आमची जुनी, शहाणी गाडी. आकडेही तेच.

गॅरेजचं शटर मिस्त्री नुकतंच उघडत होते. मी जाऊन उभा राहिलो. कानातले बोळे काढायचं भान नव्हतं. त्यांनी खूण केली तेव्हा काढले.

“कितीक आलं?”

“तेवढंच.”

“कायच्यावर मोजलं?”

“मोबाइलवर.”

त्यांनी मान डोलावली. “मंग मोबाइल जुना असन.”

आणि ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं ते तेव्हा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! भिंतीवर माझ्या गाडीपुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. “तुमचं दुकान हाय, शेठ. मी कसं लिवू?” मग मीच खडू घेतला आणि लिहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. सकाळी चहा प्यायले, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. अंत्ययात्रेला बहिष्कारवाली पोरंही होती, खाली मान घालून. आता त्या गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. नव्या मालकानं भिंतीला पांढरा रंग दिला. एका दुपारी सगळे आकडे गेले. मी पाहत होतो आणि अडवायला काही कारण सापडेना.

दुसऱ्या दिवशी मी पेंटर बोलावला. माझ्या दुकानाच्या पाटीखाली रिकामी पट्टी होती. तिथे काय लिहायचं ते कागदावर लिहून दिलं: ‘सायलेन्सर बदलून आवाज वाढेल. जोर वाढणार नाही.’

पेंटरनं कागद दोनदा वाचला. शिडीवरून खाली उतरला.

“भाऊ, तुमी सायलेन्सरच विकता ना?”

“हो.”

“धंदा बसन हो तुमचा! ‘नाही’ बारीक काढू का?”

“नको,” मी म्हणालो. “ते सगळ्यात मोठं काढ.”