उंबऱ्याआतलं ताट

बायको गेल्यावर मी एकच पुस्तक वाचलं, अठराशे सत्तावनच्या लढाईचं. सातवी शिकलेला माणूस मी, जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलं. जाडजूड पुस्तक, ओळीखाली बोट ठेवून वाचलं.

तिचं माहेर झाशीकडचं मराठी घर. त्या घरातला एक जण त्या लढाईवर गेला, तो परतलाच नाही. मेल्याचा निरोपही कोणी आणला नाही, म्हणून त्याचं श्राद्ध नाही. सर्वपित्रीला बाकीच्या पितरांची पानं कावळ्याला, ह्याचं ताट मात्र झाकून उंबऱ्याच्या आत. उशिरा येणाऱ्या माणसाचं ठेवतात तसं. तिला भाऊ नव्हता, म्हणून ती रीत तिच्यासोबत आमच्या कारखान्याच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आली. मी चिडवायचो, "तुमच्या पाहुण्यांची गाडी फारच लेट आहे."

"येऊ द्या त्यांना, पहिलं तुमचंच नाव सांगते."

दवाखान्यात शेवटी म्हणाली, "त्यांचं काय झालं, कुठं कळलं तर बघा हो. पान वाढून मोकळं करा त्यांना."

म्हणून एम. पी. नगरला पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, बहुत बिकती है ये. पोते का एग्ज़ाम है?"

"नहीं, ससुराल का काम है."

पुस्तकात गोऱ्या साहेबाच्या घोड्यावर दोन पानं. राजेरजवाडे, तलवारी, सगळं. तिच्या गावाजवळची चकमक आली तेव्हा बोट आणखी सावकाश सरकवलं. एकच ओळ निघाली: उरलेले जंगलात पळाले. पुढच्या ओळीत साहेब चहा पितो.

पळाले? तू बघायला गेला होतास का रे? ती असती तर लाटणं घेऊन उठली असती. मला नुसतं रडू आलं. आता वाचून दाखवू कुणाला?

सवाष्ण गेलेल्या बायकांचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. तिचं पान मी स्वतः वाढलं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, चांगलं झालं. मला नाही आवडलं. तिची इच्छा तर तशीच राहिली होती, मग शिवला कसा?

सर्वपित्रीला सूनबाई ते ताट घेऊन उभी राहिली. "बाबा, हे आता गच्चीवर कावळ्याला नेऊ? आई तर गेल्या."

"नको. झाकून ठेव."

"पुस्तकात काहीच निघालं नाही?"

"नाही निघालं."

तिनं ताट उंबऱ्याआत ठेवून वर झाकण घातलं. दरवर्षी ताटाशेजारी बायको पाट टाकून वाट बघत बसायची, त्या जागी मी खुर्ची ओढली. गुडघे पाटावर बसू देत नाहीत. दार उघडंच ठेवलं.