देगलूर रस्त्यावरच्या गावाची विहीर

धाकटा भाऊ दत्तू आरोग्य खात्यात देवी टोचायला होता. खात्याच्या सायकलवरून देगलूरकडच्या गावांत हिंडायचा. मार्गशीर्षात तो गेला. खात्याने पंचनाम्याची उर्दू नक्कल पाठवली: पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडला. मी शाळामास्तर; शाळेतच बसून ती चार वेळा वाचली. औषधाच्या पेटीची नोंद होती, चपलांची होती. सायकलीची नव्हती. माघात रजा मिळाली तेव्हा निघालो. खरं काय ते सरकारात लिहून द्यायचं, एवढंच मनात होतं.

लातूरहून नांदेडला जायचं तर परळी आणि परभणी, अशी दोनदा गाडी बदलावी लागते. भाकरी घरून बांधून घ्याव्यात. परळीच्या फलाटावर मला चहाखेरीज काही मिळालं नाही. संस्थानाचं हाली नाणं सुटं जवळ असावं.

डब्यात समोर नांदेडचे एक वकील होते. मांडीवर सरकारचा सालाना अहवाल.

"बघा मास्तर, खून म्हणा, दरोडे म्हणा, लोकसंख्येच्या मानानं आपल्या संस्थानात सगळ्या हिंदुस्थानापेक्षा कमी. इंग्रजी मुलखापेक्षासुद्धा!"

"खरं असेल?"

"छापलंय की," म्हणून ते हसले. "तुम्ही कुणीकडे?"

"भावाकडे," मी म्हणालो.

नांदेडला धर्मशाळेत राहिलो. सकाळी देगलूरची मोटार मिळते. मागच्या बाकावर बसू नये, सगळी धूळ तिथेच येते. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. आत मराठी, तेलगू, कानडी एकदमच चालू. नायगावला मोटार थांबते, तिथली गरम भजी चांगली. दोन महिन्यांत मला पहिल्यांदाच भूक लागली, म्हणून खाल्ली.

देगलूरच्या अलीकडे उतरून कोसभर चाललो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पाटलांनी घोंगडी टाकली, दूध दिलं. मी विहीर दाखवा म्हणालो. पंचनाम्यावर ज्याचा अंगठा होता तो मल्लप्पाही बरोबर आला. विहीर बांधीव होती. कमरेइतका कठडा, वर रहाट.

"इथून पाय कसा घसरेल, पाटील?"

 मल्लप्पा म्हणाला, "मास्तर, त्यो हितं न्हाई पडला."

"गप ऱ्हा, मल्लप्पा."

"गप काय? भाऊ हाय त्याचा."

दत्तू रस्त्यावर मरून पडलेला सापडला होता. डोक्यात मागून कुऱ्हाडीचा घाव, सायकल गेलेली. ती जागा या गावच्या शिवेत येत होती. गावाने त्याला उचलून आणलं, विहिरीत सोडलं, आणि मग बाहेर काढून वर्दी दिली.

"शिवंत खून लागला की ठाण्याचे अमीनसाहेब, जमादार, शिपाई, घोडे पंधरा-पंधरा दिस गावात बसून ऱ्हातेत," पाटील म्हणाले. "वैरण आमची, कोंबडी आमची, वेठीला माणसं आमचीच. आन् गुन्हेगार न्हाई घावला, तर त्यो बी आमच्यातलाच."

"मागल्या खेपंला माझा सासरा धरला," मल्लप्पा म्हणाला. "अजून हात वर जात न्हाई त्याचा."

त्याच्याच घरी जेवलो. भाकरी आणि अंबाडीची भाजी. त्याच्या दोन्ही पोरींना दत्तूने देवी टोचल्या होत्या. "लई हलक्या हाताचा व्हता," त्याची बायको म्हणाली. "पोरगी रडली बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी देगलूरच्या ठाण्यात गेलो. अमीनसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, माझा अर्ज वाचला.

"इस तालुके में खूनां नै होते, मास्टरसाब. लोगां बावडी में गिरतें." मग मराठीत म्हणाले, "दस्तखत करा. उद्याच गावात उतरतो. झूठा पंचनामा दिला ना, आधी पाटील आणि दोघं पंच आत."

"आणि मारणारा?"

"ते मागून बघू."

अर्जात मल्लप्पाचं नाव मीच लिहिलं होतं, हकीकत खरी वाटावी म्हणून. टाक शाईत बुडवला होता, तो तसाच दौतीत ठेवला. अर्जाची घडी करून खिशात घातली. चहा संपवून जा, असा अमीनसाहेबांनी आग्रह केला. मी संपवला.

परतीचा रस्ता तोच. सालाना अहवालात पुढच्या वर्षीही आपला आकडा कमीच येईल. त्यात एकाने माझ्यामुळे कमी. मी केलं ते बरोबर की चूक, हे लातूरला पोचेपर्यंत ठरलं नाही, अजूनही नाही.

घरी पाय धुतोय तोवर आई दारात आली.

"विहिरीला कठडा न्हवता का रे?"

"न्हवता," मी म्हणालो.

ती आत गेली. दुपारी शेजारच्या काकू आल्या. गावात काहीबाही बोलतात, असं त्या हळूच म्हणाल्या. आईचा आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता.

"न्हाई हो, पायच घसरला त्याचा. थोरला सवताच्या डोळ्यांनी बघून आलाय."